लिनक्सचें कर्नेल, त्याचीं वितरणें आणि नवीं यंत्रें

लिनक्स हें नांव आतां विद्यार्थिवर्गास अपरिचित राहिलेलें नाहीं. पुष्कळांनीं तें ऐकलेलें असतें, व कांहींनीं स्वतः हाताळलेलेंही असतें. परंतु ‘आमच्या संगणकावर लिनक्स आहे’ असें सांगणाऱ्यास ‘कोणतें लिनक्स?’ असा प्रश्न केला, तर तो उबुंटू, फेडोरा किंवा डेबियन असें एखादें नांव सांगून थांबतो. त्या नांवाच्या आंत एक आंकडा दडलेला आहे, आणि नवें यंत्र नीट चालणें न चालणें पुष्कळ अंशीं त्या आंकड्यावर अवलंबून असतें, ही गोष्ट फारच थोड्यांच्या ध्यानांत असते. तीच आमच्या वाचकांस उलगडून सांगावी, हा या लेखाचा हेतु आहे.

हा विषय केवळ जिज्ञासेचा आहे असें कोणीं समजूं नये. त्याचा घरच्या पैशांशीं संबंध आहे. विंडोज १० या प्रणालीस मायक्रोसॉफ्ट कंपनी जें सर्वसाधारण पाठबळ देत असे, तें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबलें. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे पुष्कळ धडधाकट संगणक त्यामुळें निराधार झाले, आणि त्यांच्या धन्यांस लिनक्सची वाट धरावीशी वाटूं लागली. दुसऱ्या बाजूस, मुलांच्या शिक्षणासाठीं अगदीं नवा लॅपटॉप विकत घेऊन त्यावर लिनक्स घालणारींही घरें आहेत. अशा घरीं कधीं कधीं असें घडतें, कीं इतर सर्व कांहीं सुरळीत चालतें, पण वाय-फायचा पत्ता नसतो, किंवा आवाज उमटत नाहीं, किंवा पडद्यावरील चित्र ओबडधोबड दिसतें. मग कोणी यंत्रास दोष देतो, कोणी दुकानदारास, आणि कोणी ‘फुकटची वस्तु अशीच असावयाची’ म्हणून लिनक्सलाच नांवें ठेवितो. पुष्कळ प्रसंगीं यांपैकीं कोणाचाच अपराध नसतो. चोर सोडून संन्याशास सुळीं देण्याचा हा प्रकार होय. खरा चोर कोण, हें समजण्यास कर्नेल आणि वितरण यांचें नातें समजलें पाहिजे.

प्रथम कर्नेल म्हणजे काय तें पाहूं. एखाद्या मोठ्या वाड्यांत कोठारापासून तिजोरीपर्यंत सर्व किल्ल्या एका कारभाऱ्यापाशीं असाव्या, आणि घरांतील कोणासही कांहीं हवें झाल्यास त्यानें तें कारभाऱ्याकडेच मागावें, तशी व्यवस्था संगणकांत असते. आपण पत्र लिहितों, चित्र पाहतों, गाणें ऐकतों. परंतु हीं कामें करणारे प्रोग्राम डिस्क, पडदा किंवा स्पीकर यांस स्वतः हात लावीत नाहींत. ते कर्नेलकडे मागणी करितात, व कर्नेल तें काम यंत्राकडून करवून घेतें. लिनस टोरवाल्ड्स हे फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठांत विद्यार्थी असतां त्यांनीं असें एक कर्नेल लिहावयास घेतलें, आणि २५ ऑगस्ट १९९१ रोजीं त्याची पहिली वार्ता जगास दिली. काटेकोरपणें बोलावयाचें तर ‘लिनक्स’ हें नांव या कर्नेलचेंच आहे.

कारभारी कितीही हुशार असला, तरी प्रत्येक उपकरणाची भाषा निराळी असते. म्हणून कर्नेलपाशीं उपकरणांच्या प्रत्येक जातीसाठीं एकेक दुभाषी असावा लागतो. त्यासच ड्रायव्हर म्हणतात. लिनक्सची विशेष रीत अशी, कीं बहुतेक ड्रायव्हर कर्नेलच्याच मजकुराचा भाग म्हणून लिहिले जातात व त्याच्याबरोबरच प्रसिद्ध होतात. कर्नेलचा मजकूर आज कोट्यवधि ओळींचा झाला आहे, आणि त्यांपैकीं निम्म्याहून अधिक ओळी ड्रायव्हरांच्याच आहेत.

दुभाष्याची निवड कशी होते, हेंही मनोरंजक आहे. यंत्र सुरू होतांच त्यांतील ग्राफिक्स कार्ड, वाय-फाय कार्ड यांसारखीं उपकरणें आपापले दोन क्रमांक सांगतात. एक कारखानदाराचा आणि दुसरा त्या वस्तूचा. इंटेल कंपनीचा कारखानदार-क्रमांक ८०८६ असा आहे, आणि त्याच कंपनीच्या १९७८ सालच्या प्रसिद्ध प्रोसेसरचें नांवही हेंच आहे. कर्नेल हे क्रमांक आपल्या ड्रायव्हरांच्या याद्यांशीं ताडून पाहतें. जुळणी झाली, कीं ड्रायव्हर कामास लागतो. जुळणी झाली नाहीं, तर उपकरण निरोगी असूनही तें मुकें राहतें. नव्या यंत्रांतील बहुतेक तक्रारींचें मूळ या शेवटच्या वाक्यांत आहे.

आतां वितरणाकडे वळूं. केवळ कारभारी असून वाडा चालत नाहीं. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पांतील साधनें, खिडक्या व चिन्हें दाखविणारा डेस्कटॉप, ब्राउझर, लेखनाचीं व हिशेबाचीं साधनें, हें सर्व निवडून, कर्नेलशीं जुळवून व तपासून एकत्र देण्याचें काम निरनिराळ्या संस्था करितात. अशा जुळणीस डिस्ट्रिब्युशन, म्हणजेच वितरण म्हणतात. स्लॅकवेअर आणि डेबियन हीं वितरणें १९९३ सालीं सुरू झालीं, फेडोरा २००३ सालीं व उबुंटू २००४ सालीं. आपल्या देशांतही, पुणें येथें मुख्य कचेरी असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनें डेबियनच्या पायावर ‘बॉस’ नांवाचें वितरण तयार केलें; आणि केरळच्या शाळांतून उबुंटूच्या आधारें बनविलेलें वितरण वापरलें जातें. नांवें कितीही असलीं, तरी सर्वांच्या पोटांत कर्नेल एकच; भेद असतो तो त्याच्या आवृत्तीचा.

या आवृत्त्या कशा निघतात? कर्नेलची नवी आवृत्ति सुमारें नऊ-दहा आठवड्यांनीं बाहेर पडते. पहिले दोन आठवडे नवा मजकूर स्वीकारितात. त्यानंतर दर आठवड्यास परीक्षेसाठीं कच्ची प्रत काढून फक्त चुका दुरुस्त करितात, आणि मग पक्की प्रत प्रसिद्ध होते. ६.० ही आवृत्ति ऑक्टोबर २०२२ मध्यें निघाली, ६.१ डिसेंबर २०२२ मध्यें, आणि ६.२ फेब्रुवारी २०२३ मध्यें. विद्यार्थ्यांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी, कीं हे आंकडे गणितांतील दशांश अपूर्णांक नव्हत. ६.१२ ही आवृत्ति ६.२ च्या मागची नसून बरीच पुढची आहे. ती नोव्हेंबर २०२४ मधील होय. साधारणपणें वर्षाच्या अखेरीस निघालेली एक आवृत्ति दीर्घ मुदतीची म्हणून निवडितात, व तिच्या चुका पुढें कित्येक वर्षें दुरुस्त करीत राहतात. ६.१, ६.६ व ६.१२ या अशा दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या आहेत.

कर्नेल आणि वितरण यांचें नातें रेल्वेच्या छापील वेळापत्रकाच्या दृष्टान्तानें चांगलें समजेल. वेळापत्रकाचें पुस्तक एका ठराविक दिवशीं छापावयास जातें. त्या दिवसानंतर सुरू झालेली गाडी त्या पुस्तकांत सांपडत नाहीं. गाडी रोज धांवते, उतारूंची ने-आण करिते, पण पुस्तक पाहणारा म्हणतो, ‘अशी गाडीच नाहीं!’ वितरणाचेंही तसेंच आहे. तें तयार करणारी मंडळी एका टप्प्यावर कर्नेलची एक आवृत्ति कायम करून टाकितात, आणि तिच्याभोंवतीं इतर सर्व साधनें तपासून बसवितात. पुढें वितरणासाठीं सुधारणा येत राहतात. पण त्या बहुधा शुद्धिपत्रासारख्या असतात. त्यांत चुका सुधारलेल्या असतात, सुरक्षिततेचीं छिद्रें बुजविलेलीं असतात, व क्वचित् एखाद्या उपकरणाचा क्रमांकही यादींत घातलेला असतो. परंतु सर्वस्वीं नव्या जातीच्या उपकरणाचा ड्रायव्हर शुद्धिपत्रांतून येईल, अशी अपेक्षा धरणें व्यर्थ होय. तो नव्या आवृत्तींतच यावयाचा.

प्रत्यक्ष घडलेलें एक उदाहरण घेऊं. इंटेल कंपनीनें आर्क ए-७७० नांवाचें ग्राफिक्स कार्ड ऑक्टोबर २०२२ मध्यें विक्रीस आणिलें. त्या वेळच्या कर्नेलमध्यें या कार्डाच्या ड्रायव्हराचा मजकूर आलेला होता. परंतु तो अजून कच्चा समजून, संगणक सुरू करतांना स्पष्ट परवानगी दिल्यावांचून तो त्या कार्डास हात लावीत नसे. ही अट ६.२ या आवृत्तींत, म्हणजे फेब्रुवारी २०२३ मध्यें काढून टाकण्यांत आली. आतां वितरणांकडे पहा. फेडोरा ३८ हें एप्रिल २०२३ मध्यें निघालें, त्यांत ६.२ होतें, म्हणून त्यावर तें कार्ड आपोआप ओळखलें जाई. डेबियन १२ हें जून २०२३ मध्यें, म्हणजे फेडोराच्या दोन महिने मागाहून निघालें. पण त्यांत दीर्घ मुदतीचें म्हणून ६.१ घेतलेलें होतें. सबब मागाहून निघालेल्या वितरणावर कार्ड अडलें, आणि आधीं निघालेल्यावर चाललें! उबुंटू २२.०४ हें तर एप्रिल २०२२ मधील वितरण. त्यांत मूळ कर्नेल ५.१५ होतें. परंतु त्याच्याच ऑगस्ट २०२३ मधील तिसऱ्या सुधारलेल्या प्रतींत ६.२ घातलें गेलें, आणि या जुन्या नांवाच्या वितरणावर तें नवें कार्ड चालूं लागलें.

या एका उदाहरणावरून आमच्या सर्व म्हणण्याचें सार निघतें. वितरणाचें नांव पाहून कांहीं ठरवूं नये. त्याची जन्मतारीख पाहूनही ठरवूं नये. त्याच्या पोटांतील कर्नेल केव्हांचें, आणि आपलें यंत्र केव्हांचें, या दोन तारखा शेजारीं शेजारीं मांडून पहाव्या. कर्नेल यंत्राहून बरेंच पुढचें असेल, तर निर्धास्त असावें. यंत्र कर्नेलच्या पुढचें असेल, तर सावध असावें.

निरनिराळ्या वितरणांचे स्वभाव यावरून ओळखतां येतात. डेबियन सुमारें दोन वर्षांनीं निघतें व एकच दीर्घ मुदतीचें कर्नेल धरून बसतें. ज्यांस नवें हवें त्यांच्यासाठीं ‘बॅकपोर्ट्स’ नांवाचें स्वतंत्र भांडार त्यानें ठेविलेलें आहे. पण तेथून कर्नेल मागून घ्यावें लागतें, आपण होऊन तें येत नाहीं. उबुंटूचीं दीर्घ मुदतीचीं वितरणें दर दोन वर्षांनीं एप्रिल महिन्यांत निघतात, व मधून मधून त्यांस नव्या कर्नेलची पुरवणी मिळते. उबुंटू २४.०४ चा आरंभ ६.८ या आवृत्तीनें झाला होता. फेब्रुवारी २०२५ मधील त्याच्या दुसऱ्या सुधारलेल्या प्रतींत ६.११ आलें. फेडोरा सुमारें सहा महिन्यांनीं निघतें, आणि मधल्या काळांतही कर्नेलच्या नव्या आवृत्त्या वापरणाऱ्यांस पोंचवितें. आर्च व ओपनसुसे टंबलवीड यांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांत ठराविक आवृत्तीचा बांध नसून नवा मजकूर अखंड येत असतो.

एक अपवादही सांगितला पाहिजे. रेड हॅट कंपनीच्या, मोठमोठ्या कचेऱ्यांसाठीं काढलेल्या वितरणांत कर्नेलचा आंकडा फसवा असतो. त्याची आठवी आवृत्ति मे २०१९ मध्यें निघाली व तिच्यांत ४.१८ हें कर्नेल होतें. तो आंकडा पुढेंही तसाच राहिला. पण कंपनीच्या कारागिरांनीं नंतरच्या कर्नेलमधील कित्येक ड्रायव्हर मागें आणून त्यांत बसविले. जुन्या पुस्तकाचें मुखपृष्ठ तेंच ठेवून आंतील पानें बदलण्यासारखा हा प्रकार होय. अशा वितरणांपुरतें केवळ आंकड्यावरून यंत्राचें भविष्य सांगूं नये. कंपनीनें प्रसिद्ध केलेली मान्य यंत्रांची यादी पहावी.

कर्नेल नवें असूनही उपकरण चालत नाहीं, असेंही घडतें. त्याचीं दोन मुख्य कारणें आहेत. पहिलें फर्मवेअरचें. पुष्कळ वाय-फाय व ग्राफिक्स कार्डांच्या आंत स्वतःचा लहानसा प्रोसेसर असतो. त्याचा प्रोग्राम संगणक सुरू होतांना बाहेरून भरावा लागतो. तो कर्नेलमध्यें नसून स्वतंत्र फायलींत असतो. ती फाईल नसेल, तर ड्रायव्हर हजर असूनही त्याचें कांहीं चालत नाहीं. अशा फायलींचा मूळ मजकूर बहुधा खुला नसल्यामुळें डेबियननें त्या पूर्वीं आपल्या मुख्य स्थापना-प्रतींत घेतल्या नव्हत्या. २०२२ सालीं सभासदांनीं मतदान करून तो नियम बदलला, व डेबियन १२ पासून त्या प्रतींतच मिळूं लागल्या. दुसरें कारण ग्राफिक्सचें. पडद्यावर त्रिमिति चित्रें काढण्याचें अर्धें काम कर्नेलचें, तर अर्धें मेसा नांवाच्या दुसऱ्या साधनसंग्रहाचें असतें. नव्या कार्डास दोन्ही नवीं लागतात. गाडीचें एक चाक नवें आणि एक जुनें असून भागत नाहीं.

येथपर्यंत वाचून ‘मग नेहमीं सर्वांत नवें कर्नेल घेतलें कीं झालें’ असें कोणास वाटेल. तें बरोबर नाहीं. नव्या मजकुराबरोबर नव्या चुकाही येतात, आणि काल चालणारें एखादें उपकरण आज अडूं शकतें. शिवाय एन्व्हिडिया कंपनीच्या कार्डांसाठीं कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर पुष्कळ लोक वापरतात. तो कर्नेलच्या मजकुराबाहेरचा असल्यामुळें प्रत्येक नव्या कर्नेलशीं त्यास पुन्हां जुळवून घ्यावें लागतें, व तें न साधल्यास पडदा काळा राहतो. म्हणूनच उबुंटू, फेडोरा यांसारखीं वितरणें नवें कर्नेल घालतांना मागचेंही जपून ठेवितात, आणि संगणक सुरू करतांना यादींतून जुनें निवडण्याची सोय देतात. ही सोय प्रत्येक विद्यार्थ्यानें माहीत करून घ्यावी.

जुन्या यंत्रांचा न्याय अगदीं उलट आहे. आठ-दहा वर्षांपूर्वींच्या संगणकाचे ड्रायव्हर कर्नेलमध्यें येऊन बहुधा पुष्कळ काळ लोटलेला असतो, व ते चांगले मुरलेले असतात. अशा यंत्रास स्थिर वितरण उत्तम. तेथें नव्याचा हव्यास नको. मात्र फार जुन्या यंत्रांस एक दिवस निरोपही मिळतो. टोरवाल्ड्स यांनीं लिनक्सचा आरंभ ज्या इंटेल ३८६ जातीच्या यंत्रावर केला, त्या जातीचाच आधार फेब्रुवारी २०१३ मधील ३.८ या आवृत्तींत काढून टाकण्यांत आला. ऑगस्ट २०२५ मध्यें निघालेल्या डेबियन १३ नें जुन्या ३२ बिटांच्या सामान्य संगणकांसाठीं स्वतंत्र कर्नेल व स्थापना-प्रत देणें बंद केलें. म्हणून माळ्यावरचा संगणक खालीं काढण्यापूर्वीं तो ६४ बिटांचा आहे कीं ३२ बिटांचा, एवढें पाहून घ्यावें.

आतां पालकांसाठीं व विद्यार्थ्यांसाठीं कांहीं व्यावहारिक सूचना करितों. नवें यंत्र घेतांना त्यांतील प्रोसेसर, ग्राफिक्स व वाय-फाय हीं कोणत्या जातीचीं आहेत व केव्हां बाजारांत आलीं, हें विचारून टिपून ठेवावें. दुकानदाराची हरकत नसल्यास लिनक्स भरलेला पेन-ड्राईव्ह बरोबर न्यावा. त्यावरून संगणक सुरू करून डिस्कमधील कशासही धक्का न लावितां वाय-फाय, आवाज, कॅमेरा, पडद्याचा उजेड आणि यंत्राचें झोंपणें-जागें होणें, या पांच गोष्टी घटकाभरांत पाहतां येतात. घरीं आणिलेल्या यंत्रावर कोणतें कर्नेल चालूं आहे, हें पाहण्यासाठीं टर्मिनल नांवाच्या खिडकींत ‘यूनेम’ ही आज्ञा लिहावी. मग एक जागा सोडून आडवी रेघ व तीस लागून ‘आर’ हें अक्षर लिहावें. सर्व अक्षरें लहान रोमन लिपींतील असावींत. उपकरणास ड्रायव्हर मिळाला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं ‘एल-एस-पी-सी-आय’ हीं पांच अक्षरें सलग लिहून, तशीच जागा व रेघ देऊन ‘के’ हें अक्षर लिहावें. ज्या उपकरणापुढें वापरांत असलेल्या ड्रायव्हराचें नांव येत नाहीं, तेथें संशय धरावा. संशय खरा ठरल्यास वितरणानें स्वतः दिलेली नव्या कर्नेलची पुरवणी प्रथम घालून पहावी. कोठून तरी आणलेलें कर्नेल घालण्याची घाई करूं नये. आणि यांपैकीं कांहींही करण्यापूर्वीं आपल्या वह्या, छायाचित्रें व हिशेब यांची दुसरी प्रत काढून ठेवावी.

विद्यार्थ्यांनीं यांतून आणखीही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. यंत्र अडलें म्हणजे राग येणें साहजिक आहे. परंतु रागानें दोष सांपडत नाहीं. उपकरणाचा क्रमांक कोणता, त्याचा ड्रायव्हर कोणत्या आवृत्तींत आला, आणि आपल्या वितरणांत ती आवृत्ति आहे काय, हे तीन प्रश्न क्रमानें विचारले, तर बहुतेक वेळां उत्तर हातीं लागतें, व तें सांपडण्यास विशेष विद्वत्ता लागत नाहीं. अशा विचारानें एखाद्या घरचें चांगलें यंत्र परत जाण्याचें टळलें, अथवा धूळ खात पडलेला एखादा जुना संगणक धाकट्या भावंडाच्या अभ्यासास उपयोगी पडला, तर आमच्या या लेखाचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.